नाकाता मोठा, तरी लाडका काझूच का?

आडवाबार

2006 पर्यंतच्या जपानी फुटबॉलमध्ये सर्वांत मोठा खेळाडू कोण, या प्रश्नावर माझ्या मते फार वाद होऊ नये. हिदेतोशी नाकाताने 1998 साली पेरुजियाकडून इटलीतल्या आपल्या पहिल्याच सामन्यात युव्हेंटसवर दोन गोल केले, 2001 साली रोमाबरोबर इटालियन विजेतेपद मिळवले, सलग तीन विश्वचषक खेळले, आणि 2004 साली पेलेने निवडलेल्या हयात थोर खेळाडूंच्या यादीत जपानमधून फक्त त्याचेच नाव होते. याच्या शेजारी काझुयोशी मिउराची, म्हणजे काझूची, कारकीर्द मांडून पाहा. एकही विश्वचषक नाही, इटलीत जेनोआकडून एकच हंगाम आणि त्यात एकच गोल, पुढे क्रोएशियातल्या झाग्रेबमध्येही फारसे काही साधले नाही. राष्ट्रीय संघासाठी 89 सामन्यांत 55 गोल ही कामगिरी उत्तमच आहे, परंतु त्यांतले बरेचसे आशियातल्या संघांविरुद्धचे आहेत.

असे असूनही जपानमध्ये ‘किंग’ हे बिरुद लागते ते काझूच्या नावाला, नाकाताच्या नव्हे. नाकाताबद्दल जपानी माणूस आदराने बोलतो, काझूबद्दल मात्र घरच्या माणसासारखा बोलतो, असा माझा जपानी सहकाऱ्यांबरोबरच्या गप्पांमधला अनुभव आहे. या धाग्यात श्रेष्ठ कोण याची चर्चा नको. खेळाच्या मोजपट्टीवर मागे असलेला खेळाडू लोकप्रियतेत पुढे का, एवढ्याच प्रश्नावर लिहावे ही विनंती.

माझे मत आधीच मांडतो. 1998 च्या विश्वचषकातून काझूला ऐनवेळी वगळले गेले नसते, तर तो आज एक चांगला जुना खेळाडू म्हणून ओळखला गेला असता, याहून अधिक काही नाही. त्याची आजची लोकप्रियता ही त्या अन्यायाची भरपाई आहे.

---

शिट्टी

धागा चांगला आहे, परंतु शेवटच्या परिच्छेदाशी मी पूर्णपणे असहमत आहे. आपण गोष्ट मधूनच सुरू केली आहे. 1998 साली वगळला गेला तो माणूस मुळात इतका लाडका नसता, तर त्याच्या वगळण्याचे एवढे दुःख देशाला झालेच नसते.

शिझुओका हा जपानमधला फुटबॉलवेडा प्रांत. तिथे 1967 साली जन्मलेला हा मुलगा 1982 च्या अखेरीस, वयाच्या पंधराव्या वर्षी, शाळा सोडून एकटा ब्राझीलला गेला. त्या काळात जपानमध्ये व्यावसायिक फुटबॉल नव्हतेच, कंपन्यांचे संघ होते आणि खेळाडू हे त्या कंपन्यांचे नोकरदार असत. चांगल्या शाळेतून चांगल्या विद्यापीठात आणि तिथून मोठ्या कंपनीत ही सरळ वाट मोडून, भाषा येत नसताना, साओ पाउलोतल्या युव्हेंटस नावाच्या संघाच्या कुमार गटात राहणे हे तिथल्या आईबापांच्या दृष्टीने शुद्ध वेडेपण होते. 1986 साली त्याने सांतोसबरोबर, म्हणजे पेलेच्या सांतोसबरोबर, व्यावसायिक करार केला. मधल्या काळात लहानसहान ब्राझिली क्लबांमधून फिरून तो पुन्हा सांतोसला आला आणि 1990 साली मायदेशी परतला, तेव्हा जपानला फुटबॉल व्यवसाय म्हणून उभा करायचा होता आणि त्यासाठी चेहरा हवा होता. तो चेहरा आयताच ब्राझीलहून आला.

15 मे 1993 रोजी तोक्योच्या राष्ट्रीय स्टेडियमवर जे-लीग या जपानच्या नव्या व्यावसायिक लीगचा पहिला सामना झाला. व्हर्दी कावासाकी विरुद्ध योकोहामा मारिनोस असा तो सामना काझूच्या व्हर्दीने 1-2 असा गमावला, पण वर्षअखेरीस लीगचा पहिला सर्वोत्तम खेळाडू काझूच ठरला, आणि तो सन्मान घ्यायला तो लाल सूट घालून आला. राखाडी आणि काळ्या सूटांच्या देशात तो लाल सूट म्हणजे जाहीरनामाच होता. गोल केल्यावर पायांची झपाझप हालचाल करून तो जो सांबाच्या थाटाचा नाच करीत असे, त्याला ‘काझू डान्स’ हे नाव पडले होते.

नाकाताला जे मैदान मिळाले ते तयार मैदान होते. काझूच्या पिढीने ते तयार केले. लोक कर्तबगारीइतकेच हेही लक्षात ठेवतात.

---

रेषेबाहेर

शिट्टी यांनी लिहिलेला इतिहास खरा आहे, परंतु त्यात एक गोष्ट सोयीस्करपणे सुटली आहे. व्हर्दी हा योमिउरी या बलाढ्य वृत्तपत्रसमूहाचा संघ होता, आणि वृत्तपत्र व दूरचित्रवाणी ज्याच्या पाठीशी असते त्याला लोकप्रिय होण्यासाठी फार कष्ट पडत नाहीत. जेनोआने 1994 साली त्याला घेतले तेव्हा संघाच्या छातीवर जपानी कंपनीचे नाव आले, हेही आठवून पाहावे. मिलानविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्यांचा बचावपटू बारेसी याच्याशी टक्कर होऊन त्याच्या नाकाचे हाड मोडले याचे मला वाईट वाटते, त्याच शहरातल्या सांपदोरियाविरुद्धच्या लढतीत त्याने गोल केला याचे कौतुकही आहे. पण त्या हंगामाच्या शेवटी जेनोआ खालच्या श्रेणीत गेला आणि काझू परत आला. इटलीत जाणारा पहिला जपानी हा मान मोठा आहे, तिथे टिकून दाखवणारा मात्र नाकाता आहे.

माझा मुख्य आक्षेप पुढच्या काळाबद्दल आहे. पन्नाशीनंतरही करार चालू ठेवायचा, वर्षातून काही मिनिटे मैदानावर यायचे, आणि त्याची बातमी जगभर जायची, हा खेळ आहे की जाहिरात? 2021 साली योकोहामा एफसीकडून लीगमध्ये तो एकाच सामन्यात दिसला, तोही अगदी शेवटच्या क्षणांत. 2023 साली पोर्तुगालच्या दुसऱ्या श्रेणीतल्या ओलिव्हेइरेंसे या क्लबाने त्याला घेतले, तेव्हा त्या क्लबामागे असलेला जपानी उद्योगसमूह तोच होता जो योकोहामा एफसीमागे आहे. संघातली ती जागा एखाद्या वीस वर्षांच्या मुलाला मिळाली असती. नाकाताने एकोणतिसाव्या वर्षी बूट ठेवून दिले. मला त्या निर्णयात अधिक स्वाभिमान दिसतो.

---

योकोहामाकर

मी नोकरीनिमित्त बरीच वर्षे योकोहामात राहत आहे आणि योकोहामा एफसीच्या मित्सुझावा स्टेडियमपासून माझे घर फार दूर नाही, म्हणून रेषेबाहेर यांच्या प्रश्नाला प्रत्यक्ष पाहिलेल्या गोष्टीवरून उत्तर देतो.

मित्सुझावा हे टेकडीवरचे जुने, लहान मैदान आहे. धावपट्टी नसल्यामुळे प्रेक्षक गवताला अगदी खेटून बसतात. सामन्यापूर्वी राखीव खेळाडू सराव करीत असतात तेव्हा लोक अजून खाण्याच्या टपऱ्यांपुढे रांगेत असतात आणि मैदानाकडे कोणाचे फारसे लक्ष नसते. काझू राखीव खेळाडूंत असला की मात्र रांगेतली माणसे माना वळवून उभी राहत. तो प्रत्येक धाव पूर्ण ताकदीने घेई, चेंडू चुकला की विशीतल्या मुलासारखा चिडे, आणि सराव संपल्यावर प्रेक्षकांकडे वळून नीट वाकून नमस्कार करून मग आत जाई. माझ्या शेजारी एकदा एक आजोबा आणि त्यांचा शाळकरी नातू बसले होते. दोघांच्याही अंगावर अकरा क्रमांकाचा निळा सदरा होता. आजोबांनी काझूला उमेदीत पाहिलेले, नातवाने फक्त म्हातारपणी पाहिलेले, आणि सामन्यात तो उतरलाच नाही, तरी दोघांपैकी कोणीही निराश दिसले नाही.

क्लबाची पार्श्वभूमीही ध्यानात घ्यावी. 1998 च्या अखेरीस योकोहामा फ्ल्युगेल्स हा संघ मारिनोसमध्ये विलीन करण्याचे कंपन्यांनी ठरवले, तेव्हा त्या संघाच्या चाहत्यांनी मारिनोसला पाठिंबा द्यायला नकार देऊन वर्गणी जमवून स्वतःचा नवा क्लब काढला, तोच योकोहामा एफसी. अशा क्लबात काझू 2005 साली आला तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता आणि निवृत्तीपूर्वीची वर्ष-दोन वर्षे काढायला आला असेल असेच सर्वांना वाटले. पुढच्याच हंगामात संघ वरच्या श्रेणीत गेला. 12 मार्च 2017 रोजी, पन्नास वर्षे पूर्ण झाल्यावर दोनच आठवड्यांनी, याच मित्सुझावावर त्याने केलेल्या एकमेव गोलावर संघ जिंकला, आणि त्या गोलाने व्यावसायिक फुटबॉलमध्ये सर्वांत मोठ्या वयात गोल करण्याचा इंग्लंडच्या स्टॅन्ली मॅथ्यूज यांचा विक्रम मागे पडला. जाहिरात म्हणायची तर खुशाल म्हणा, पण हा गोल जाहिरात खात्याने केलेला नाही.

जागा अडवण्याबद्दलचा आक्षेप मात्र इथल्या चाहत्यांतही ऐकू येतो, विशेषतः संघ वरच्या श्रेणीत हरत असताना. तो चुकीचा नाही.

---

आडवाबार

योकोहामाकर, मनापासून आभार. शिट्टी यांचा मुद्दा मी अर्धा मान्य करतो. उरलेल्या अर्ध्यासाठी 1997 साल पाहावे लागेल.

1993 साली दोहा येथे इराकविरुद्ध शेवटच्या क्षणी बरोबरीचा गोल खाऊन जपानचा 1994 चा विश्वचषक हुकला होता. काझू तेव्हा सव्वीस वर्षांचा, ऐन भरात होता. पुढच्या पात्रता फेरीत उझबेकिस्तानविरुद्ध चार गोल करून त्याने झकास सुरुवात केली आणि मग त्याचे गोल अचानक आटले. ऑक्टोबर 1997 मध्ये राष्ट्रीय स्टेडियमवर संयुक्त अरब अमिरातीशी बरोबरी झाली तेव्हा संतापलेल्या प्रेक्षकांनी बाहेर गोंधळ घालून खेळाडूंवर वस्तू फेकल्या. ज्या लोकप्रियतेबद्दल शिट्टी लिहितात ती त्या संध्याकाळी कुठे होती?

16 नोव्हेंबर 1997 रोजी जोहोर बाहरू येथे इराणविरुद्ध निर्णायक सामना होता. दुसऱ्या डावात जपान मागे पडला असताना प्रशिक्षक ताकेशी ओकादांनी काझू आणि मासाशी नाकायामा या दोन्ही आघाडीच्या खेळाडूंना एकदमच बाहेर बोलावले. फलक दिसल्यावर काझूने स्वतःच्या छातीकडे बोट दाखवून ‘मी?’ असे विचारल्याचे चित्रीकरण आजही दाखवले जाते. त्यानंतर सामना फिरवला तो वीस वर्षांच्या नाकाताने. जपानच्या तिन्ही गोलांमागे त्याचा पाय होता, आणि ओकानोच्या सोनेरी गोलाने, म्हणजे जादा वेळेत सामना तिथेच संपवणाऱ्या गोलाने, जपान प्रथमच विश्वचषकात पोहोचला. राज्य एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा क्षण असा स्पष्ट क्वचितच दिसतो.

पुढे जून 1998 मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या नियों येथील सराव शिबिरात, स्पर्धा दारात येऊन उभी असताना ओकादांनी अंतिम यादीतून काझूला वगळले. तो मायदेशी परतला तेव्हा केस चंदेरी रंगवलेले होते, आणि राष्ट्रीय संघाचा अभिमान व आत्मा आपण तिकडेच ठेवून आलो आहोत, अशा आशयाचे एक वाक्य तो पत्रकारांसमोर बोलला. तक्रार नाही, प्रशिक्षकावर टीका नाही. जपानने ते तिन्ही सामने गमावले आणि एकच गोल केला, तोही नाकायामाने. म्हणून मी म्हणतो की 1997 च्या शरदात ज्याच्यावर लोक चिडले होते, त्याला 1998 च्या उन्हाळ्याने परत आपलेसे केले.

---

शिट्टी

परत आपलेसे केले हे शब्द मान्य आहेत. आपल्या माणसावरच एवढे चिडता येते, इतकेच त्यात जोडतो.

नाकाताबद्दल मात्र कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. त्याच्या आणि जपानी जनतेच्या मधले अंतर खेळामुळे पडले नाही, वार्ताहरांमुळे पडले. 1998 च्या सुरुवातीला राष्ट्रगीताविषयीचे त्याचे एक बेफिकीर विधान वृत्तपत्रात छापून आले, उजव्या गटांच्या धमक्या सुरू झाल्या, आणि आपले बोलणे मोडूनतोडून छापले जाते असे ठरवून त्याने वृत्तपत्रांशी बोलणे जवळजवळ बंद केले. स्वतःचे संकेतस्थळ काढून तो थेट चाहत्यांना लिहू लागला. आज प्रत्येक खेळाडू हेच करतो, पण 1998 साली तो उद्धटपणा समजला गेला. पेरुजियासारख्या लहान इटालियन शहरात जपानी प्रवाशांच्या झुंडी त्याचा सदरा विकत घ्यायला येत होत्या, म्हणजे लोकप्रियता होतीच, परंतु ती खेळाडूच्या वलयाची लोकप्रियता होती. माणसाची ओळख झालीच नाही, किंवा त्याने होऊ दिली नाही.

22 जून 2006 रोजी विश्वचषकात डॉर्टमुंडला ब्राझीलकडून 1-4 असा पराभव झाल्यावर तो मैदानाच्या मध्यवर्तुळात कितीतरी मिनिटे उताणा पडून राहिला होता. त्याचे सहकारी आत निघून गेले होते. थोड्याच दिवसांत त्याने आपल्या संकेतस्थळावर निवृत्ती जाहीर केली आणि जगप्रवासाला निघून गेला, पुढे साके या तांदळाच्या जपानी मद्याच्या प्रसारात रमला. काझू सतत डोळ्यांसमोर राहिला, नाकाता निघून गेला. रेषेबाहेर यांना ज्यात स्वाभिमान दिसतो त्यात पुष्कळ चाहत्यांना पाठ फिरवणे दिसले असावे.

---

क्लाइडकाठ

तुलनेत तिसरे नाव यायला हवे, ते शुन्सुके नाकामुराचे. मी ग्लासगोत राहतो, त्यामुळे माझे मत एकांगी धरले तरी चालेल.

2002 च्या मायदेशातल्या विश्वचषकातून तेव्हाचे प्रशिक्षक त्रूसिए यांनी नाकामुराला वगळले. म्हणजे काझूसारखीच जखम त्यालाही झाली होती, आणि तरी जपानने त्याला ‘किंग’ केले नाही. आडवाबार यांच्या सिद्धांताला हे उत्तर द्यावे लागेल. माझ्या मते कारण सोपे आहे: 2002 साली संघ बाद फेरीत पोहोचला, आणि जिंकणाऱ्या संघातून कोण गळाला याची हळहळ फार काळ टिकत नाही.

त्याला खरे घर मिळाले ते इथल्या सेल्टिक या क्लबमध्ये. 2006 च्या चॅम्पियन्स लीगमध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध त्याने फ्री किकवर दोन गोल केले, एक ओल्ड ट्रॅफर्डवर आणि एक नोव्हेंबरमध्ये सेल्टिक पार्कवर. दुसऱ्या गोलाने सामना 1-0 असा जिंकून सेल्टिक त्या स्पर्धेत प्रथमच बाद फेरीत गेला. इथल्या पबमध्ये त्या गोलाचे वर्णन करताना लोक हाताने चेंडूची वाट काढून दाखवतात: भिंतीच्या डोक्यावरून आणि मग गोलखांब व आडवा बार यांच्या कोपऱ्यात. 2007 साली खेळाडूंनी आणि पत्रकारांनी दोघांनीही त्याला स्कॉटलंडचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू निवडले. वलय म्हणून नाकाता मोठा असेल, पण मी इटलीत ज्यांच्याशी बोललो ते त्याच्याविषयी रोमाचा एक उपयुक्त राखीव खेळाडू म्हणून बोलतात. युव्हेंटसविरुद्ध 2001 साली रोमाचा कर्णधार तोत्तीच्या जागी येऊन त्याने सामना वाचवला, हे रोमाचे चाहते कबूल करतात, तेवढेच. परदेशात मिळालेल्या निखळ प्रेमात माझ्या लेखी नाकामुरा दोघांच्याही पुढे आहे. 2021 पासून क्योगो फुरुहाशी आणि इतर जपानी खेळाडू सेल्टिकला आले तेव्हा त्यांचे जे स्वागत झाले, त्याची उधारी नाकामुराच्या खात्यावर आहे.

---

बालेवाडीकर

विषय जपानी खेळाडूच्या सापेक्ष लोकप्रियतेचा आहे, म्हणून आपल्याकडचे एक उदाहरण मांडतो. अराता इझुमी. वडील भारतीय, आई जपानी, जन्म आणि घडण जपानमधली. कोलकात्यात ईस्ट बंगाल, मुंबईत महिंद्रा युनायटेड आणि मग पुणे एफसी असा त्याचा प्रवास झाला. भारताकडून खेळायचे तर दुहेरी नागरिकत्व चालत नाही, म्हणून त्याने जपानी पारपत्र सोडले आणि 2013 साली भारताचा सदरा घातला. बालेवाडीच्या मैदानावर पुणे एफसीचे मोजके पण जिद्दी चाहते त्याच्या नावाने घोषणा देत असत. मधल्या फळीत चेंडू मिळाला की आधी मान वर करून बघणारा तो खेळाडू होता, आणि आपल्याकडच्या घाईच्या खेळात ते वेगळे उठून दिसे. त्याच्या जन्मभूमीत त्याला किती जण ओळखत असतील? योकोहामाकर यांनी कधी चौकशी केल्यास जरूर लिहावे.

---

योकोहामाकर

बालेवाडीकर, माझ्या फुटबॉलप्रेमी सहकाऱ्यांना मी विचारले होते. नाव कोणालाही माहीत नव्हते, परंतु भारतासाठी पारपत्र सोडले हे ऐकून सगळेच थोडा वेळ त्यावर बोलत राहिले.

क्लाइडकाठ यांना एक आठवण करून देतो. 23 सप्टेंबर 2020 रोजी कावासाकी फ्रोन्तालेविरुद्ध योकोहामा एफसीच्या पहिल्या अकरांत त्रेपन्न वर्षांचा काझू कर्णधार म्हणून होता आणि त्याच अकरांत बेचाळीस वर्षांचा नाकामुराही होता. जे-लीगच्या वरच्या श्रेणीत सर्वांत मोठ्या वयात खेळण्याचा नाकायामाचा विक्रम काझूने त्या दिवशी मोडला. नाकामुरा त्या संघात तंत्राने कितीतरी सरस होता, यात शंका घेण्याचे कारण नाही. कर्णधाराची पट्टी मात्र काझूच्या दंडावर होती.

---

रेषेबाहेर

भावनेची बाजू पुरेशी झाली, म्हणून मोजता येईल असा पुरावा मीच देतो, जरी तो माझ्या विरुद्ध जात असला तरी. 2022 साली काझू सुझुका या चौथ्या श्रेणीतल्या संघात गेला, जिथे त्याचा थोरला भाऊ प्रशिक्षक होता. त्या श्रेणीत सामन्याला काही शे प्रेक्षक आले तरी पुष्कळ समजले जातात. ऑक्टोबरमध्ये तोक्योच्या राष्ट्रीय स्टेडियमवर त्या श्रेणीचा एक सामना ठेवला गेला आणि 16,000 हून अधिक लोक आले. त्या लीगच्या इतिहासातली ती विक्रमी गर्दी होती. संघ चौथ्या श्रेणीचा, खेळाडू पंचावन्न वर्षांचा.

एवढी माणसे जाहिरातीला भुलून तिकीट काढतात असे म्हणणे मला आता अवघड जाते. तरीही माझा प्रश्न राहतोच, आणि तो प्रेक्षकांना नसून क्लबांना आहे: काझूवर मिळालेले ते उत्पन्न त्याच श्रेणीतल्या मुलांच्या प्रशिक्षणावर खर्च झाले का? सुझुकाच्या हिशेबांविषयी कोणाला माहिती असल्यास इथे द्यावी.

---

आडवाबार

हिशेबांची माहिती मिळाली तर मलाही हवी आहे. क्लाइडकाठ यांच्या प्रश्नाने माझा मूळ सिद्धांत चांगलाच डळमळला आहे. नुसते वगळले जाणे पुरेसे असते, तर नाकामुराही तिथेच असता. वगळल्यानंतर काझूने काय केले, हे बहुधा अधिक महत्त्वाचे आहे: तो झाग्रेबला गेला, परत आला, क्योतो, कोबे, योकोहामा, मध्येच सिडनी, आणि यांतल्या एकाही ठिकाणी आपण इथे शोभत नाही असे त्याने वागण्यातून दाखवले नाही.

29 मार्च 2011 रोजी, भूकंप आणि त्सुनामीनंतर अडीच आठवड्यांनी, ओसाकातल्या नागाई स्टेडियमवर राष्ट्रीय संघ विरुद्ध जे-लीगचे निवडक खेळाडू असा मदतनिधीचा सामना झाला. चव्वेचाळीस वर्षांच्या काझूने त्यात गोल केला. अशा प्रसंगी नाचावे की नाही याचा विचार त्याच्या मनात आला असणारच, पण तो कोपऱ्याकडे धावत गेला आणि तोच जुना नाच नाचला. नाकाताचा एकही गोल जपानला या प्रकारे आठवत नाही. नाकाताचा चाहता या नात्याने हे लिहिताना मला फारसे बरे वाटत नाही.

---

शिट्टी

नाकाताच्या चाहत्यांसाठी जोहोर बाहरूचे चित्रीकरण आहेच. तिथे तिन्ही गोलांत तोच आहे. फक्त ते पाहताना काझू बाहेर येतो तो भाग पुढे ढकलू नये.